व्हिस्लरला घर घेताय, तर आधी ताब्याची तारीख बघा

सप्टेंबरात पीआरवर (कायम राहायच्या परवान्यावर) कॅनडात येताय, व्हिस्लरला, म्हणजे आमच्या या स्कीइंगच्या डोंगरी गावात, हॉटेलात नोकरी पक्की आहे, मुलगी पाचवीत आहे. पुण्याचा फ्लॅट विकून लगेच घर घ्यावं की भाव उतरायची वाट बघावी, असं तुम्ही विचारलंय. आम्ही इथलं घर जानेवारी 2023 मध्ये घेतलं. त्या तारखेचा घोळ अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून जरा लांबच लिहितेय. टॅक्स, व्हिसा, आरोग्य कार्ड वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, ते सोडून देते.

भाव उतरतील की चढतील ते मला सांगता येणार नाही. आमच्या घराची वेळ नाशिकच्या पैशांनी ठरवली. 2022 च्या सुरुवातीला बँक ऑफ कॅनडाचा, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेचा, दर 0.25 टक्के होता. एप्रिलमध्ये आम्हाला कर्जाची पूर्वमंजुरी मिळाली, व्याजदर 120 दिवस धरून ठेवलेला. घरही पसंत होतं. त्या वेळी दहा लाख डॉलर किंवा त्याहून महाग घराला 20 टक्के पदरचे लागायचे (डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा पंधरा लाखांवर गेलीय), आणि ते नाशिकचा फ्लॅट विकून यायचे होते.

पण आम्ही तोवर एनआरआय झालो होतो. म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याने आम्हाला पैसे देतानाच कलम 195 खाली टीडीएस (कर) कापायचा, आणि कमी कपातीचं सर्टिफिकेट आधी काढलेलं नसेल तर पूर्ण किमतीवर कापायचा. आम्ही ते काढलं नव्हतं. घेणाऱ्याकडे हा कर भरायला लागणारा टॅन नंबर नव्हता, तो काढण्यात दिवस गेले. मुखत्यारपत्र कुरियरने पाठवलं, तर दिरांच्या नावात एक काना राहिला म्हणून परत आलं. मग पैसे परदेशी पाठवायचे फॉर्म, सीएचं 15सीबी, मग 15सीए, आणि एवढं होऊन एनआरओ खात्यातून (एनआरआयच्या भारतातल्या खात्यातून) पैसे सोडायला तिथल्या बँकेने सव्वा महिना घेतला. रोज रात्री साडेनऊला मी फोन लावायचे, कारण तेव्हा नाशिकात सकाळचे दहा वाजतात आणि शाखा उघडते. रोज वेगळा माणूस उचलायचा आणि पहिल्यापासून सगळं विचारायचा. इकडची बँक म्हणायची, हे पैसे गेले नव्वद दिवस कुठे होते ते दाखवा. 120 दिवस संपले. डिसेंबरात दर 4.25 टक्क्यांवर होता. ज्या हप्त्यात दोन बेडरूमचं घर येत होतं, त्यात एका बेडरूमचं आलं.

तेव्हा फ्लॅट विकायचाच असेल तर निघायच्या आधी विका. पैसेही निघायच्या आधीच पाठवा, भारतात राहणाऱ्यांना बाहेर पैसे पाठवू देणाऱ्या एलआरएस योजनेची मर्यादा माणशी वर्षाला 2,50,000 अमेरिकन डॉलर आहे, नवरा-बायको मिळून पुरेशी होते. खरेदीखत, इंडेक्स टू, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सगळ्याच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.

आता मुलीचं. इथे शाळा सप्टेंबरात सुरू होते. ताबा जानेवारीत मिळाला म्हणून आम्ही आमच्या मुलीला सरेच्या (व्हँकुव्हरजवळचं शहर, आधी आम्ही तिथे होतो) शाळेतून सहावीच्या मधूनच काढलं. तिथे तिच्या वर्गात पंजाबी मुली होत्या, डब्यात पराठा असला तरी कुणी बघायचं नाही. इथली मुलं तिसऱ्या वर्षापासून बर्फावर. पहिल्याच स्की-डेला तिला बूट बांधता येईनात. बकल उलटी लावून ती दिवसभर खालच्या लॉजमध्ये बसली, आणि तिला घ्यायला गेले तेव्हा हातमोजेसुद्धा काढलेले नव्हते. शाळेने प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘शांत मुलगी’. ती शांत नव्हती हो. नाशिकला तिच्या बडबडीच्या तक्रारी यायच्या. आज ती आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं स्कीइंग करते, पण त्या वर्षाबद्दल बोलत नाही, आणि विचारायची माझी हिंमत होत नाही. सात-आठ महिने भाड्याने राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? घर निसटेल या भीतीने आम्ही तारीख धरली. तुम्ही ताबा जुलै-ऑगस्टचाच मागा. मालक ऐकत नसेल तर ते घर सोडा.

घर बघायला मात्र थंडीतच जा. आम्ही आमच्या इमारतीतलं घर पहिल्यांदा जुलैत पाहिलं, गॅलरीत झक्क ऊन होतं. नोव्हेंबर ते जानेवारीअखेर तिथे ऊन येतच नाही, सूर्य डोंगराच्या मागूनच जातो. छतावरचा बर्फ घसरून बरोबर दारासमोर पडतो. स्ट्राटा म्हणजे आपली सोसायटीच. तिच्या दोन वर्षांच्या सभांची मिनिट्स आणि डेप्रिसिएशन रिपोर्ट (इमारतीच्या पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांचा अंदाज) मागून घ्या. आम्ही वरवर चाळली आणि पहिल्याच उन्हाळ्यात छपरासाठी वेगळी वर्गणी भरली.

स्वस्त दिसणाऱ्या जाहिरातीत ‘फेज 2’ लिहिलं असेल तर ते राहायचं घर नव्हे. मालकाला हिवाळ्यात 28 आणि उन्हाळ्यात 28 दिवस, बाकी हॉटेलच्या ताब्यात.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. व्हिस्लर हाउसिंग ऑथॉरिटीची इथे काम करणाऱ्यांसाठी घरं आहेत. 2010 च्या ऑलिंपिकसाठी खेळाडूंचं गाव बांधलं, ते चीकमस क्रॉसिंग त्यातलंच. पुढे विकताना बाजारभाव मिळत नाही, म्हणून घेतानाही तो द्यावा लागत नाही. आमच्या ह्यांना ते म्हाडासारखं वाटलं. म्हणाले, एवढ्या लांब येऊन परत यादीत नाव लावायचं? मीही गप्प बसले. माझ्याबरोबर हिशेब खात्यात काम करणारी फिलिपिनो मैत्रीण तेव्हाच नाव लावून आली होती, आणि आता तिथे तीन खोल्यांत राहते. अटी वाचा आणि पात्र व्हाल त्या दिवशी नाव लावा, यादी वर्षानुवर्षं चालते.

एकटेपणाचं विचारलंत. कामात दिवस जातो, सवय होते.

घरं बघायला लागलात की मला पत्ते कळवा. जानेवारीत दुपारी बाराला जाऊन उभी राहीन आणि खिडकीवर ऊन येतं का ते बघून सांगेन.