बायबलाच्या पहिल्या पुस्तकातल्या, उत्पत्ती १:११ मधल्या ‘देशे’ या हिब्रू शब्दाचा नेमका अर्थ काय? गवत, की सगळीच वनस्पती?

सृष्टी घडवताना तिसऱ्या दिवशी देव जमिनीला ‘देशे’ उगवायला सांगतो, ते नुसतं गवत की सगळी झाडंझुडपं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर आधीच सांगतो: देशे हे कुठल्या एका जातीच्या गवताचं नावच नाही. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतून नुकतंच वर आलेलं, ओलं, कोवळं जे काही हिरवं दिसतं, ते देशे. (दालेत, शीन, आलेफ अशा तीन अक्षरांचा हा शब्द, आपल्या ‘देश’शी त्याचं काही नातं नाही.)

नाम म्हणून हा शब्द हिब्रू बायबलात १४ वेळा येतो. ती सगळी वचनं एका बैठकीत वाचून होतात आणि ती वाचाच, कारण कोशातली एक ओळ वाचून या शब्दाचा जीव कळत नाही. माझं सगळ्यात आवडतं वचन २ शमुवेल २३:४. दावीदाच्या अखेरच्या शब्दांत न्यायाने राज्य करणाऱ्या राजाचं वर्णन आहे: तो निरभ्र सकाळच्या उन्हासारखा, पाऊस होऊन उघडीप पडल्यावर जमिनीतून देशे फुटतं तसा. आधी पाऊस, मग ऊन, मग कोंब, हा सगळा क्रम त्या एका ओळीत आहे. मृगाच्या सरींनंतर आठवडाभरात माळावर जी पोपटी लव उठते ती ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं काही समजावायला नको. फरक एवढाच की बायबलाच्या त्या भूमीत, इस्राएलात, पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘योरे’ म्हणजे पहिला पाऊस, वसंतात ‘मल्कोश’ म्हणजे शेवटचा, आणि मे महिन्यापर्यंत यहूदियाचे डोंगर पुन्हा पिवळे पडतात. ज्या हिरवाईला इतकं थोडं आयुष्य, तिच्यासाठी भाषेत स्वतंत्र शब्द असणारच.

नीतिसूत्रे २७:२५ मध्ये शेजारचे शब्दही भेटतात. तिथे आधी ‘हात्सीर’ सरतं, मग ‘देशे’ दिसू लागतं, आणि मग डोंगरावरचे ‘एसेव्’, म्हणजे वनस्पती, गोळा होतात. म्हणजे जुना चारा संपला, नवी फूट आली. पुढच्याच वचनांत कोकरं, बोकड आणि शेळीचं दूध येतं. बोलणारा माणूस गुरं राखणाऱ्यांपैकी आहे हे लगेच कळतं. देशे हा मुळात त्यांच्याच तोंडचा शब्द वाटतो. ईयोब ६:५ मध्ये रानगाढवापुढे देशे असेल तर ते ओरडेल का, असा सवाल आहे. आणि यिर्मया १४:५ वाचताना तर गलबलून येतं: दुष्काळात रानातली हरिणी नुकतंच व्यालेलं पाडस टाकून जाते, कारण देशे नाही. तिथे देशे म्हणजे जगणं.

आता तुमचं मूळ वचन. ‘तद्शे हाआरेत्स देशे’ यात क्रियापद आणि नाम एकाच धातूचं आहे, म्हणजे ‘धरती कोवळ्या हिरव्याने हिरवी होवो’ असं काहीसं. हे क्रियापद बायबलात इथे आणि योएल २:२२ मध्ये एवढंच येतं. पुढे बी देणारे ‘एसेव्’ आणि फळ देणारं ‘एत्स’, म्हणजे झाड. मग वनस्पतींचे प्रकार तीन की दोन? अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी म्हणतो की देशे आणि एसेव् एक नव्हेत: जमीन हिरवाईने भरली की तिचं ते पांघरूण म्हणजे देशे, आणि एसेव् म्हणजे त्यातली एकेक वनस्पती. तेराव्या शतकातल्या रामबान या दुसऱ्या यहुदी भाष्यकाराला हे पटलं नाही. त्याच्या मते देशे म्हणजे लहान, उगवतं रोप, आणि एसेव् म्हणजे मोठं होऊन बी धरणारं.

मला इथे राशी जास्त पटतो आणि त्याचं कारण मजकुरातच आहे. बाराव्या वचनात देशे आणि एसेव् यांच्यामध्ये ‘आणि’ नाही. एसेव् आणि एत्स यांच्यामध्ये मात्र आहे. शिवाय १:२९ मध्ये माणसाला अन्न नेमून देताना एसेव् आणि झाडं यांचीच नावं येतात. तिथे देशे नाही. म्हणून या अध्यायात देशे हे छत्र आणि त्याखाली दोन प्रकार, असं मी वाचतो. इतर ठिकाणी मात्र रामबानचा ‘कोवळं’ हा अर्थ सोडवत नाही.

देशेसाठी मराठीतला ‘हिरवळ’ हा शब्द मला म्हणूनच चांगला वाटतो; ‘गवत’ म्हटलं असतं तर अर्थ आवळला गेला असता. फक्त हिरवळीत कोवळेपण दरवेळी ऐकू येत नाही, ते वाचणाऱ्याने मनात धरावं. स्तोत्र २३ मधलं ‘हिरवं कुरण’ हेही मूळ हिब्रूत ‘नेओत देशे’, कोवळ्या चाऱ्याची राने आहेत. मेंढपाळ कळपाला तिथे बसवतो, कारण पोट भरल्याशिवाय मेंढरू बसत नाही.

दानीएलाच्या चौथ्या अध्यायातला अरामी (हिब्रूची भगिनी भाषा) शब्द ‘दित्आ’ याच कुळातला. आजच्या हिब्रूत मात्र देशे म्हणजे बागेतलं, नळाच्या पाण्यावर वाढवलेलं लॉन. हिब्रू शिकताना हा अर्थ आधी कानावर पडतो; बायबल वाचताना तेवढा तो बाजूला ठेवा.