‘विलंब-भरपाई’ कोण कोणाला देतं?

प्रश्न असा आला आहे: यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करताना ‘डिले कॉम्पेन्सेशन’ला ‘विलंब-भरपाई’ आणि ‘डिस्टर्बन्स कॉम्पेन्सेशन’ला ‘व्यत्यय-भरपाई’ म्हटलं तर चालेल का?

शब्दाला शब्द जुळतो, पण ‘विलंब-भरपाई’ वाचल्यावर मला विमान चार तास उशिरा सुटल्याबद्दल पैसे परत मागणारा प्रवासी दिसतो. मराठीत भरपाई नुकसान होऊन गेल्यावर मिळते. पिकाची भरपाई घ्या किंवा बुडालेल्या तासांची. ‘कसर भरून काढणं’ही तसंच, मागाहूनचं.

यंत्रात नेमकं उलट घडतं. पोलादाचा पत्रा फिरत्या रुळांमधून दाबून काढतात, तेव्हा जाडी मोजणारा गेज रुळांच्या थोडा पुढे बसवावा लागतो. समजा, गेज एक मीटर पुढे आहे आणि पत्रा सेकंदाला दोन मीटर धावतोय. म्हणजे चूक झाल्याचं अर्ध्या सेकंदानं कळणार! तेवढ्यात नियंत्रक (रुळांचा दाब आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा) जणू घाबरून दाब वाढवतो, परिणाम दिसत नाही म्हणून आणखी वाढवतो. गिझरचा नळ फिरवून पाणी कोमट येईना म्हणून आणखी फिरवणारा आणि मग पोळून घेणारा माणूस हाच. यावर अमेरिकी अभियंते ओट्टो स्मिथ यांनी १९५७ साली तोड सुचवली: नियंत्रकाजवळ यंत्राची गणिती प्रतिकृती ठेवायची आणि ‘आत्ता दिलेल्या आज्ञेचा परिणाम अजून वाटेत आहे’ हे तिच्याकडून आधीच जाणून घ्यायचं. इथे गेलेलं कोणी भरून देत नाही. उशीर हिशेबात धरला जातो. म्हणून मी ‘विलंब हिशेबात धरणे’ असंच लिहीन. नामच हवं असेल तर ‘विलंब-समायोजन’. कोरडं आहे, पण दिशाभूल करत नाही.

‘व्यत्यय’ला माझा आक्षेप जास्त आहे. व्यत्यय म्हणजे चालू काम खंडित होणं. दूरदर्शनच्या पडद्यावर ती पाटी पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. डिस्टर्बन्समध्ये काम चालूच असतं, फक्त बाहेरून धक्के बसतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना वाऱ्यातही ताऱ्यावर रोखून ठेवाव्या लागतात. तो वारा म्हणजे ‘विक्षोभ’. (तबकड्यांना पत्र्याऐवजी तारेची जाळी लावली ती वाऱ्याचा भार कमी व्हावा म्हणून. निम्मा विक्षोभ दारातच अडवला म्हणा ना.) हवामानाच्या बातम्यांतला ‘पश्चिमी विक्षोभ’ही कानाला सरावाचा आहे. ‘विक्षोभ-निवारण’ म्हणा.

राहता राहिला एक जुना शब्द, ‘पासंग’. तराजूची पारडी मुळातच असमान असतील तर हलक्या बाजूला बांधलेला खडा. यंत्रातली कायमची, मोजून ठेवलेली चूक ठरावीक आकडा घालून मोडायची असेल, तर त्या आकड्याला पासंग इतका चपखल शब्द सापडणार नाही. मात्र वाऱ्यासाठी तो वापरू नका. वाऱ्याला ठरावीक खडा पुरत नाही.