वाचकांचे प्रश्न : शर्यत पाहणे आणि शर्यत लिहिणे

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहतो. वय 21, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फुटबॉल आणि फॉर्म्युला वन यांचे मला वेड आहे. युरोपातल्या सामन्यांसाठी मी रात्री तीनपर्यंत जागतो आणि रविवारची शर्यत एकदाही चुकवत नाही. मला क्रीडा पत्रकार व्हायचे आहे. बाबा म्हणतात, आपल्याकडे क्रीडापान म्हणजे क्रिकेट; बाकीच्या खेळांना कोपऱ्यातला रकाना मिळाला तरी पुष्कळ, आणि त्यावर कोणाचे घर चालत नाही. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आहे. मराठी आम्ही घरी बोलतो, पण लिहिताना हिंदी शब्द मध्ये येतात. मी दोहोंपैकी एकच खेळ निवडावा का? लिहावे कोणत्या भाषेत? आणि इंदुरात राहून या खेळांवर लिहिण्यासारखे काही आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तुम्ही काय काय पाहता हे पत्रात सविस्तर आले आहे, पाहिल्यानंतर काही लिहून पाहिले का, याचा उल्लेख मात्र कुठे नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे संपतो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेलेले असतात आणि सकाळी वाचक उठतो तो निकाल फोनवर पाहूनच. कोण जिंकले, हे सांगणारा बातमीदार त्याला नको असतो. ते तसेच का घडले, हे सांगणारा हवा असतो. 12 डिसेंबर 2021 ची अबू धाबीची शर्यत आठवा. मॅक्स व्हर्स्टॅपन आणि लुईस हॅमिल्टन दोघेही 369.5 गुण घेऊन उतरले होते. 58 फेऱ्यांपैकी 57 संपल्या तेव्हा हॅमिल्टन पुढे होता आणि शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपनने त्याला मागे टाकून विजेतेपद मिळवले. एवढे लिहिले तर निम्मीच बातमी झाली. उरलेली निम्मी अशी, की अपघातामुळे सेफ्टी कार (सगळ्यांचा वेग कमी ठेवणारी, पुढे धावणारी गाडी) आल्यावर व्हर्स्टॅपनने टायर बदलून जास्त पकड देणारे, वेगवान मऊ टायर चढवले. टायर बदलायला थांबलो तर पहिली जागा जाईल म्हणून हॅमिल्टन जुन्या कडक टायरवरच राहिला. आणि फेरीने मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढे जाऊ देण्याचा निर्णय शर्यत-संचालकांनी घेतला. पुढे मोटार खेळांच्या जागतिक संघटनेच्या अहवालात या प्रकाराला मानवी चूक म्हटले गेले आणि त्या संचालकांना पदावरून बाजूला केले गेले. हे लिहायचे तर नियमावली वाचलेली असावी लागते; कितीही रात्री जागल्या तरी ती आपोआप कळत नाही.

नुसते पाहून सगळे कळले असे वाटणे हा आवडीचा एक धोका; दुसरा याहून मोठा आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून सांगावेसे वाटते. आपल्याला जे प्रिय असते त्याची उणी बाजू लिहिताना हात थांबतो. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत तो चौथा आला. पाच गुण मिळाले, अभिमानाचीच गोष्ट. पण मिशेलिन टायर त्या ट्रॅकवर सुरक्षित नसल्याने 14 गाड्या सुरुवातीआधीच माघारी फिरल्या आणि प्रत्यक्षात सहाच गाड्या धावल्या, हे त्याच परिच्छेदात आले पाहिजे. फुटबॉलमध्येही तेच आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, हे आपण वारंवार सांगतो. नेव्हिल डिसूझाच्या हॅटट्रिकच्या बळावर ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले, ते खरेच मोठे यश होते. मात्र पहिल्या फेरीत हंगेरी न आल्यामुळे पुढे चाल मिळाली होती, आणि पुढचे दोन्ही सामने आपण हरलो. पूर्ण हकीकत लिहिल्याने डिसूझाच्या तीन गोलांचे मोल तसूभरही कमी होत नाही. 1950 च्या विश्वचषकात अनवाणी खेळू दिले नाही म्हणून आपण गेलो नाही, ही कथाही तुम्ही ऐकली असेल. संघ न पाठवण्याचा निर्णय आपल्याच महासंघाचा होता. ऐकीव कथा पुन्हा छापण्यापूर्वी तपासून घेण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

भाषेविषयी. हिंदी येते ही तुमची उणीव नाही. सुशील दोशी यांनी क्रिकेटचे हिंदी समालोचन घराघरांत पोहोचवले, ते इंदूरचेच. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हिंदीत अवश्य लिहा. मराठीत लिहाल तेव्हा ‘खिताब’ऐवजी विजेतेपद, ‘दर्शक’ऐवजी प्रेक्षक, ‘मुकाबला’ऐवजी लढत, अशी स्वतःची एक वही करा; दोन-तीन महिन्यांत हात वळेल. खरी अडचण मोटार शर्यतीच्या शब्दांची आहे. क्रिकेटसाठी मराठीने षटक, यष्टी, चौकार हे शब्द घडवले आणि ते रुळले. शर्यतीच्या बाबतीत ते काम अजून व्हायचे आहे. ‘अंडरकट’ हा शब्द तसाच ठेवा, परंतु एकदा उलगडून सांगा : पुढच्या गाडीला ट्रॅकवर ओलांडता येत नसेल, तर मागचा चालक तिच्या आधी पिटमध्ये (टायर बदलण्याच्या थांब्यावर) जातो, नव्या टायरवर एक-दोन फेऱ्या जास्त वेगाने मारतो, आणि पुढचा चालक टायर बदलून बाहेर येतो तेव्हा हा त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. तुमच्या आजीला हे वाचून दाखवा. तिला समजले, तर ते छापण्यायोग्य झाले.

खेळ एकच निवडण्याची घाई करू नका. लहान कार्यालयात उपसंपादकाला एका रात्रीत कबड्डीपासून टेनिसपर्यंत सगळे हाताळावे लागते; क्रिकेटही टाळून चालणार नाही.

बाबांचे म्हणणे मी खोटे ठरवणार नाही. सुरुवातीचे पगार तुटपुंजे असतात. पण त्यांना हे जरूर सांगा, की तुमचे बी. कॉम. वाया जाणारे नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीनच वर्षे इंडियन ग्रांप्री ही फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या. ती बंद पडण्यामागे करांचा वाद हे मोठे कारण होते. ही शर्यत खेळ मानायची की करमणूक, यावर करमणूक कर ठरत होता. आणि फॉर्म्युला वनचे व्यावसायिक हक्क असलेल्या परदेशी कंपनीच्या उत्पन्नावर इथे कर लागतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2017 मध्ये न्यायालयाने तो लागतो असा निकाल दिला. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा 2025 चा मोसम वेळेवर सुरू झाला नाही, त्याच्याही मुळाशी फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील मुदत संपत आलेला करार होता. ताळेबंद आणि करारपत्र वाचता येणारा क्रीडा बातमीदार कोणत्याही संपादकाला हवाच असतो. तेव्हा पदवी पूर्ण करा, आणि मग देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या पत्रकारिता विभागात चौकशी करा.

इंदुरात लिहिण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मात्र मला खटकला. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणी-ट्रॅक आहे, तो तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. तिथेच देशभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या घेऊन बाहा स्पर्धेसाठी येत आले आहेत, आणि तिच्यातील चार तासांची सहनशक्ती-शर्यत पाहण्यासारखी असते. महूला छावणीमुळे रुजलेला फुटबॉल आहे. एखाद्या संध्याकाळी तिथल्या मैदानावर जाऊन मुलांच्या प्रशिक्षकाशी बोला, बूट कोण देतो ते विचारा. बाहाला जाल तेव्हा विजेत्या संघाकडे सगळेच धावतील. तुम्ही आधी ज्यांची गाडी मधेच बंद पडली त्यांच्याकडे जा, कोणता भाग तुटला आणि तो कोणी, कुठे बनवला होता ते विचारा, नावे व आकडे जागीच टिपून घ्या, आणि त्याच रात्री 400 शब्दांत लिहून आमच्याकडे पाठवा.