‘वेटिंग फॉर गफमन’ हा सिनेमा कोकणातल्या हौशी नाटकवाल्यांना पटेल का?

पटेल म्हणजे काय, आपलीच खोड काढलीय असं वाटेल!

क्रिस्टोफर गेस्टचा हा 1996 चा सिनेमा. मिसूरी राज्यातलं ब्लेन नावाचं काल्पनिक गाव, गावाला 150 वर्षं झाली म्हणून बसवलेलं संगीत नाटक, आणि ते बघायला न्यूयॉर्कहून गफमन नावाचा कोणी नाट्यनिर्माता येणार ही आशा. सगळं माहितीपटासारखं चित्रित केलंय. दातांचा डॉक्टर, ट्रॅव्हल एजंट नवरा-बायको, सगळे कॅमेऱ्यासमोर अगदी गंभीरपणे स्वतःच्या कलेबद्दल बोलतात. दिग्दर्शक कॉर्की न्यूयॉर्कला राहून आलेला, म्हणून गावात त्याचा शब्द अंतिम. आपल्याकडे गणपतीत येऊन तालीम ताब्यात घेणारा मुंबईकर आठवा.

मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. गेस्ट आणि युजीन लेव्ही यांनी प्रसंगांचा फक्त आराखडा लिहिला, संवाद बहुतेक नटांनी तिथल्या तिथे रचले. आपल्या दशावतारात तेच तर चालतं! आख्यान ठरलेलं, हातात संहिता नाही, राजा आणि राक्षस रंगमंचावरच एकमेकांना शब्दांत पकडतात. त्यामुळे कुडाळ-वेंगुर्ल्याच्या प्रेक्षकाला हा कसब लगेच ओळखू येईल.

एवढंच की विनोद दबक्या आवाजातला आहे. पहिली वीस मिनिटं ‘ह्यात हसण्यासारखा काय आसा?’ असं होईल. बंद करू नका. गफमन येतो का, ते सांगत नाही.