लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो, बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा घालावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लॅपटॉप सकाळपासून रात्रीपर्यंत टेबलावर चार्जरला लावलेला असतो. मित्र सांगतो, ८० टक्क्यांची मर्यादा घाल. भाऊ म्हणतो, बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबतं, काही करायची गरज नाही. आणि तुम्हाला काळजी, की मर्यादा घातली आणि नेमकी लाईट गेली तर?

मर्यादा घाला. तुमच्या भावाचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच.

टाकी भरली की बॉल कॉक पाणी बंद करतो, तसं लॅपटॉपमधलं सर्किट बॅटरी भरली की चार्जिंग बंद करतं. त्यामुळे जास्त चार्ज होऊन बॅटरी खराब होते ही भीती सोडून द्या. पण टाकी काठोकाठ भरून राहिली तर टाकीचं काही बिघडत नाही, बॅटरीचं बिघडतं. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडं वर असतं. तेवढ्या ताणात आतलं रसायन सतत थोडंथोडं झिजतं, इलेक्ट्रोडवर नको ते थर चढतात, थोडा वायूही तयार होतो. तुम्ही बॅटरी वापरत नसलात तरी हे चालूच असतं. ८० टक्क्यांना थांबवलं तर व्होल्टेज ४च्या आसपास राहतं आणि ही झीज बरीच मंदावते.

याला उष्णतेची जोड मिळाली की मग विचारू नका. बॅटरीच्या जगात एक तक्ता नेहमी दाखवला जातो. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली, तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण भरलेली ठेवली, तर ८०. हेच ४० अंशांत केलं तर आकडे ८५ आणि ६५ होतात. मी अकोल्यात राहते. मे महिन्यात आमच्याकडे ४० अंश ही तक्त्यातली टोकाची ओळ नसते, दुपारची खोली असते.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. घरून डीटीपीचं काम करते, आधीचा लॅपटॉप तीन वर्षं असाच १०० टक्क्यांवर, चार्जरला, खिडकीजवळच्या टेबलावर होता. एक दिवस टचपॅडचं डावं बटण दबेनासं झालं. धूळ गेली असेल म्हणून मी ब्रशने साफ करत बसले. मग लक्षात आलं की झाकण लावल्यावर पुढच्या बाजूला फट राहतेय, पोस्टकार्ड आत सरकेल एवढी. दुरुस्तीवाल्या काकांनी खालचं कव्हर उघडलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली, आणि तिनेच टचपॅड आतून वर ढकललेला. ते म्हणाले, ‘ताई, एक शब्द बोलू नका, आधी हे बंद करा.’ फुगलेल्या बॅटरीला आग लागू शकते. तुमचा लॅपटॉप आत्ताच सपाट टेबलावर ठेवून बघा, डुगडुगतोय का, टचपॅड उचललाय का. तसं दिसलं तर चार्जर काढा, बंद करा, दाबून किंवा टोचून बघू नका, आणि थेट दुरुस्तीला न्या.

आता मर्यादा कुठे सापडेल ते. विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका, सगळ्या लॅपटॉपना चालेल असा पर्याय तिथे नाही. प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं. लेनोवोचा असेल तर व्हँटेज अ‍ॅपमध्ये पॉवर विभागात जा. आयडियापॅडला ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ नावाचं एकच बटण असतं, थिंकपॅडला चार्जिंग किती टक्क्यांना सुरू आणि किती टक्क्यांना बंद हे दोन्ही आकडे आपण ठरवू शकतो. आसुसला मायआसुसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’ आहे. एसरला त्यांच्या केअर सेंटर किंवा एसरसेन्समध्ये. डेलला बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना एफ२ दाबून उघडणाऱ्या सेटिंगमध्ये. तिथे ‘प्रायमरिली एसी यूज’ किंवा ‘कस्टम’ निवडा. एचपीच्या ऑफिस वापराच्या मॉडेलमध्ये एफ१० दाबून बायोसमध्ये ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’ मिळतो. लिनक्सवर टीएलपी नावाच्या प्रोग्रॅमने हे करता येतं, आणि जीनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये आवृत्ती ४८पासून सेटिंगमध्येच सोय आली आहे, पण मशीनचा हार्डवेअर आधार असला तरच.

हार्डवेअरची ही अट नीट लक्षात ठेवा. चार्जिंग खरोखर थांबवण्याचं काम मदरबोर्डवरची एक छोटी चिप करते. तिला तशी सोय नसेल तर इंटरनेटवरून उतरवलेलं कुठलंही अ‍ॅप मर्यादा घालू शकत नाही, फार तर ८० झाल्यावर भोंगा वाजवेल. अशा वेळी दिवसातून एकदा चार्जर काढून बॅटरी ४०-५०पर्यंत उतरू द्या, पुन्हा लावा, आणि मशीन थंड राहील एवढं बघा. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करायचं नाही.

सुरू आणि बंद असे दोन आकडे असतील तर त्यात अंतर ठेवा, समजा ७५ आणि ८०. नाहीतर ७९ झालं की लगेच पुन्हा चार्जिंग, हा खेळ सारखा चालू राहतो. मर्यादा लागू झाली की टास्कबारवर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं काहीसं दिसेल. घाबरू नका, चार्जर बिघडलेला नाही. लॅपटॉप सरळ अ‍ॅडॉप्टरच्या विजेवर चाललाय आणि बॅटरी विश्रांती घेतेय.

लाईट जाण्याचा हिशोब सोपा आहे. समजा बॅटरी ५० वॉट-तासांची आणि टायपिंग, ब्राउझर एवढ्यात लॅपटॉप १० वॉट खातो. पूर्ण भरलेली पाच तास, ८० टक्के भरलेली चार तास. एका तासाचा फरक. आमच्याकडे लाईन गेली की अडचण होते ती वायफायची, कारण राउटर लगेच बंद पडतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस घ्या, तो जास्त उपयोगी. मी ८०वर ठेवते ते या लाईनचा भरवसा नाही म्हणूनच, एरवी कायम टेबलावरच असलेल्या मशीनला ६० सुद्धा चालतं. उद्या सकाळी पुण्याला निघायचं असेल तर आदल्या रात्री मर्यादा काढा, पूर्ण भरा, परत आलात की पुन्हा लावा. एखादा दिवस १०० झाल्याने काही होत नाही, महिनोन्‌महिने १००वर राहिल्याने होतं.

दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण भरून थोडी खालपर्यंत उतरवा, म्हणजे टक्क्यांचा काटा चुकत नाही. आणि आजची स्थिती नोंदवून ठेवा: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप केलं की एक फाइल तयार होते. तिच्यात ‘डिझाइन कॅपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कॅपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. पहिला ५०,००० आणि दुसरा ४१,००० असेल तर बॅटरी ८२ टक्के उरली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल हे तुम्ही लिहिलेलं नाही. खाली कळवलंत तर पर्याय नेमका कुठे आहे ते सांगते.