कात, कातणे आणि एक्डायसोन

एका वाचकाचा प्रश्न: किड्यांना कात टाकायला लावणाऱ्या 'एक्डायसोन' या संप्रेरकाला (हार्मोनला) मराठीत 'कायापालट संप्रेरक' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. बसस्थानकाला नवा रंग लागला की 'स्थानकाने कात टाकली' असे मथळे छापून वर्तमानपत्रांनी कात टाकणं म्हणजेच कायापालट असा घोळ माजवलाय. अहो, कात टाकून साप गरुड होत नाही, सापच राहतो. रेशमाची अळी चार वेळा कात टाकते आणि चारही वेळा अळीच उरते. मेंदूतून हुकूम सुटतो, छातीतल्या ग्रंथी एक्डायसोन सोडतात, कात उतरते. रक्तात बालसंप्रेरक (अळीला अळीच ठेवणारं दुसरं संप्रेरक) भरपूर असेल तर नव्या कातडीतही अळीच. ते ओसरलं की मग त्याच एक्डायसोनने कोशावस्था येते. कायापालटाचा निर्णय दुसरंच संप्रेरक घेतं, नाव मात्र याला द्यायचं? ग्रीक 'एक्डिसिस' म्हणजेही अंगावरून उतरवणं, एवढंच. (1954 साली बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 500 किलो रेशीमकिड्यांच्या कोशितांमधून, म्हणजे कोशातल्या किड्यांमधून, एक्डायसोन वेगळं काढलं, हाती लागलं 25 मिलिग्रॅम!)

चेतापेशींचंही तेच. तंबाखूवरच्या मँड्युका अळीचे छातीवरचे पाय हलवणाऱ्या चेतापेशी कोशात मरत नाहीत. एक्डायसोनच्या इशाऱ्यावर त्या आपल्या फांद्या आखडून घेतात आणि पतंगाच्या पायांसाठी नव्या फोडतात. पेशी तीच, पालवी नवी. ही कातच की!

आता खरी मजा. पानातला कात सोडा, तो पुल्लिंगी आणि वेगळा. आपली कात स्त्रीलिंगी, संस्कृत 'कृत्ति'ची लेक. गजचर्म पांघरणारा शंकर तो कृत्तिवास. धातू 'कृत्', कापणे. कात्री त्याच घरची. पण धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कृत्' दोन: एक छेदने (कापणे), दुसरा वेष्टने (गुंडाळणे). दुसऱ्यावरून आपलं सूत कातणं. दोघांचा काडीचा संबंध नाही, असं व्युत्पत्तिपंडित ठणकावून सांगतात. सांगोत बापडे. त्यांनी रेशमाची अळी पाळलेली दिसत नाही. ती आधी धागा कातते, मग त्या कातलेल्या घरात बसून शेवटची अळीपणाची कात टाकते. एकाच जिवात दोन्ही 'कृत्' नांदताना पाहिले की मला तरी ते सख्खे भाऊ वाटतात. पुरावा मागू नका.

हां, नावाचं राहिलं. कात टाकण्याला परिभाषेतलं 'निर्मोचन' शुद्ध आहे, पण कात घरात असताना ते कशाला? 'कात-संप्रेरक' म्हणा. आणि 'संप्रेरक वाढला' लिहू नका. ते संप्रेरक.