कंसातलं वाक्य आणि १९ दिवसांचा मेल

"ताई, मी ३१ वर्षांचा, नोकरीला सहा वर्षं झाली. काम चांगलं करतो असं सगळे म्हणतात पण वेळेत कधीच होत नाही. एका क्लायंटचा मेल येऊन आज १९ दिवस झालेत, मी पाठवलेल्या रिपोर्टमधल्या दोन आकड्यांचा मेळ का लागत नाही असं त्यांनी विचारलंय (बहुतेक माझीच चूक आहे). उत्तर द्यायला अर्धा तास लागला असता. आता इनबॉक्समध्ये तो मेल दिसला तरी पोटात गोळा येतो आणि मी बाकीची फुटकळ कामं करत बसतो. तीन टू-डू अ‍ॅप वापरून झाली, जाडजूड प्लॅनर आणला, २५ मिनिटांचा टायमर लावून बघितला तेही जमलं नाही, चार दिवस भारी वाटतं मग ये रे माझ्या मागल्या. अप्रेझलला साहेब म्हणाले, तुला काम दिलं की धाकधूक असते. मी आळशी आहे का हो? आणि एखादं चांगलं अ‍ॅप असेल तर तेही सांगा. – उद्याचा माणूस"

अरे उद्याच्या माणसा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशीच अडकले. "बहुतेक माझीच चूक आहे." अख्ख्या पत्रातलं कामाचं वाक्य तेवढंच आणि नेमकं तेच तू कंसात कोंबलंयस. तुझं घोडं अडलंय ते तिथे, प्लॅनरमध्ये नाही.

आळशी माणूस काम टाळतो आणि मस्त झोपा काढतो रे. तू काम टाळतोस, दिवसभर त्याचीच काळजी वाहतोस, वर भरपाई म्हणून दहा फुटकळ कामं उरकतोस, म्हणजे कष्ट तर दुप्पटच झाले की. टिम पिचिल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं चालढकलीचाच अभ्यास केला आणि त्यांचं म्हणणं असं की हा प्रश्न घड्याळाचा कमी आणि मनाचा जास्त आहे, आपण कामाला नाही, त्या कामाबरोबर येणाऱ्या नकोशा भावनेला टाळत असतो. मेल बंद केला की पोटातला गोळा गेला, लगेच बरं वाटलं, आणि मन हे बरोब्बर लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी पुन्हा तेच करायला लावतं. फक्त दर दिवसागणिक त्या अर्ध्या तासाच्या कामावर लाजेचं व्याज चढत जातं. पहिल्या दिवशी तुला फक्त चूक कबूल करायची होती, आज चूक अधिक १९ दिवस कबूल करायचेत.

मला हे कसं कळतं? माझ्याकडे एकदा एक पाकीट आलं होतं, आत काय असणार याचा अंदाज होता, म्हणून मी ते न फोडता ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि ठेवलं तेही पालथं, म्हणजे ड्रॉवर उघडला तरी पाठवणाऱ्याचं नाव दिसू नये. दोन महिने मी पेन काढायला तो ड्रॉवर उघडत होते, नजर चुकवून. पाकिटाशी नजर चुकवणारी बाई इथे सल्ले देतेय, असो.

तर आधी तो मेल. आकडे तपासायच्याही आधी उत्तर पाठवायचं, हे नीट वाच कारण तू नेमकं उलटं करशील, म्हणशील सगळं शोधून परफेक्ट उत्तर देतो, आणि विसावा दिवस उजाडेल. एवढंच लिही: "नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही विचारलेले दोन आकडे मी तपासतोय, गुरुवारी दुपारी चारपर्यंत नेमकं काय झालंय ते आणि दुरुस्त रिपोर्ट पाठवतो." बस. तब्येतीचं, नेटवर्कचं, मेल स्पॅममध्ये गेल्याचं काही सांगायचं नाही. १९ दिवसांनी कारण दिलं की समोरचा आकडे सोडून ते कारणच तपासत बसतो. आणि साहेबांना आज स्वतःहून जाऊन सांग, क्लायंटकडून कळायच्या आत. ती पाच मिनिटं जड जातील, मी काही तुला खोटं सांगणार नाही.

मग स्वतःला शिव्या घालणं थांबव. हे गोड बोलायचं म्हणून म्हणत नाहीये. २०१० साली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पहिल्या परीक्षेच्या वेळी ज्यांनी अभ्यास पुढे ढकलला त्यांच्यात ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. आपल्याला वाटतं स्वतःला फटकारलं की सुधारू, पण फटका खाल्लेलं मन त्या कामाच्या आसपास फिरकतच नाही.

आता तुझ्या याद्या. तू पत्रासोबत प्लॅनरच्या पानाचा फोटो पाठवलायस, अक्षर सुंदर आहे हो. त्यात सोमवारी "रिपोर्ट" लिहिलंय, मंगळवारी बाण काढून "रिपोर्ट", बुधवारी पुन्हा तोच बाण. रिपोर्ट हे काम नाहीये रे, तो डोंगर आहे, सकाळी नऊला डोंगराकडे बघून कोण उठेल? त्याच्या जागी लिही "मागच्या महिन्याची शीट उघडून दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडणे". वाचल्यावर हात कुठे न्यायचा हे कळलं पाहिजे. जे काम तिसऱ्या दिवशीही बाण मारून पुढे जातंय तिथे थांबून स्वतःला विचार की मला इथे काय येत नाहीये किंवा कशाची भीती वाटतेय, बहुतेक वेळा उत्तर "कोणाला तरी काहीतरी विचारायचंय" इतकंच निघतं. आणि दिवसाला अशी तीनच, त्यातलं सगळ्यात नकोसं पहिलं, इनबॉक्स उघडायच्या आधी. बाकीची फुटकळ दुपारनंतर, तेव्हा डोकं तसंही अर्धंच चालतं.

ते २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टीवालं पोमोडोरो तू करून बघितलंस आणि जमलं नाही म्हणतोस. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वतः विद्यार्थी असताना काढलं, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून. चांगलंय ते, पण ज्या कामाने पोटात गोळा येतो त्याला २५ मिनिटं फार होतात. दहा लाव. दहा मिनिटांनी उठलास तरी चालेल, फाईल उघडली गेली ना.

आणि वेळेचा अंदाज सांगताना जरा हात सैल सोड. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की प्रबंध किती दिवसांत होईल, त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांच्या आसपास होता, लागले ५५ च्या वर. गंमत म्हणजे "सगळंच फिसकटलं तर किती" याचंही सरासरी उत्तर जेमतेम ४९ दिवस होतं, म्हणजे वाईटात वाईट धरूनसुद्धा कमीच पडले. तेव्हा साहेबांना "उद्या देतो" म्हणायची तुझी जी सवय आहे ना, ती सोड, मागच्या वेळी खरंच किती दिवस लागले ते बघ आणि तेवढे सांग. शिवाय मधल्या एका दिवशी अर्धंकच्चं दाखवतो असंही सांग. साहेबांची धाकधूक उशिरामुळे कमी आणि तू मधे गायब होतोस त्यामुळे जास्त असणार, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारते. हे फक्त ऑफिसात होतं की लहानपणापासून सगळीकडेच, वस्तू हरवणं, मधेच लक्ष उडणं, सुरू केलेलं अर्धवट राहणं? तसं असेल किंवा हल्ली कशातच मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेट. मोठ्या माणसांनाही एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारा त्रास, असतो, डिप्रेशनही असंच चालढकलीच्या वेषात येतं, आणि त्यावर माझ्या याद्या उपयोगाच्या नाहीत.

राहता राहिलं अ‍ॅप. कुठलं चांगलं ते मला ठाऊक आहे पण आज सांगणार नाही, नाहीतर तू संध्याकाळभर तेच सेट करत बसशील. मेल गेला की मला एका शब्दात "गेला" असं कळव, मग सांगते.

– ताई